नणंदेच्या दिरांचं ‘पानी’

पुण्यात दुसऱ्यावर विश्वास न ठेवणारी माणसं पैशाला पासरी मिळतात. पण माझ्या नणंदेचे थोरले दीर स्वतःच्या डोळ्यांवरसुद्धा चष्मा पुसल्याशिवाय विश्वास ठेवत नसत. उभा जन्म कारखान्यात माल तपासण्यात गेला. निवृत्तीनंतर कारखाना सुटला, तपासणी सुटली नाही. लग्नाच्या पंगतीत जिलेबी उजेडाकडे धरून ‘पाक आत गेलेला नाही’ म्हणत बाजूला ठेवायचे आणि मग नाइलाजाने खायचे. कोणी वारल्याचं कळलं, तरी पहिला प्रश्न, “तुम्ही स्वतः पाहिलंत?” मी तेव्हा एका दैनिकात उपसंपादक होते. आमच्या अंकात ‘असे समजते’ दिसलं, की हे कसबा पेठेतून चालत माझ्या दारात हजर. “वहिनी, कोणाला समजते? नाव-पत्ता द्या, मी विचारून येतो.”

पुढे मुलगा आयटीत लागला, त्याने जुना कॉम्प्युटर वडिलांना दिला आणि यांनी ब्लॉग काढला. पेठेतल्या गल्ल्या पायी फिरायच्या, दिसलं तेवढंच लिहायचं आणि खाली ‘मी स्वतः पाहिले’. टाइप एका बोटाने. त्या बोटाला ‘ण’ काही शेवटपर्यंत सापडला नाही, म्हणून जिथे तिथे ‘पानी’. मला कोण आनंद! मी म्हणजे तेव्हा बॉबकट, गळ्यात ओळखपत्र आणि मराठी भाषा जणू माझ्या माहेरून आलेली. रविवारच्या पुरवणीत मी लिहिलंही, ‘ज्याला कोणी छापत नाही, तो ब्लॉग लिहितो.’ या वाक्यावर मी आठवडाभर खूश होते.

एकदा त्यांनी लिहिलं, की जलवाहिनी टाकताना त्यांच्या गल्लीत ठेकेदाराने गटार फोडलंय, ते नळात मिसळतंय, पानी पिऊ नका. ठेकेदाराचं नावही दिलं. मजकूर छापून घेऊन, सोबत पाण्याची बाटली घेऊन माझ्याकडे आले. “वास घ्या.” मी लाल पेनने ‘न’चे ‘ण’ करत बसले होते. म्हटलं, “अहो, आधी हे शिका.”

“शिकतो. पण तोवर लोक पितायत, वहिनी.”

चार दिवसांत अर्धी गल्ली आजारी पडली, तेव्हा बातमी आम्हाला हवीहवीशी झाली. मी त्यांचाच मजकूर उचलला, ‘ण’ सुधारले, ठेकेदाराचं नाव गाळलं आणि ‘मी स्वतः पाहिले’ खोडून ‘असे समजते’ केलं. ‘ण’ बरोबर केला, एवढ्या भांडवलावर बातमी माझी झाली. पहिल्या पानावर, माझ्या नावानिशी!

ठेकेदाराची वकिली नोटीस गेली ती ब्लॉगवाल्याला.

ते आमच्या कचेरीत आले. बाहेरच्या बाकावर तासभर बसले. “वहिनी, दोन ओळी छापा, की बातमी माझ्याकडून आली आणि तुम्ही ती खरी मानलीत. मी एकटाच बडबडत नाही, एवढं दिसू दे.”

“संपादकांना विचारते,” मी म्हटलं.

विचारलं नाही. विचारलं असतं, तर पहिल्या पानावरचं माझं नाव कोणाच्या खांद्यावर बसलंय, तेही सांगावं लागलं असतं. पंधरा दिवसांनी ब्लॉगवर माफीनामा आला: ‘माझी पाहन्यात चूक झाली.’ आमच्या कचेरीत तो मोठ्याने वाचला गेला. सगळे हसले. मीही हसले. त्याच आठवड्यात कोणीतरी येऊन गल्लीतली जलवाहिनी मुकाट्याने बदलून गेलं. ब्लॉग मात्र तिथेच थांबला.

हे नातीला सांगितलं, तर म्हणते, “आजी, यात व्हिलन तू आहेस.” म्हटलं, आहेच मुळी, आणि तेही पगारी.

त्यांनी बोलणं टाकलं नाही. पुणेरी माणूस बोलणं टाकत नाही, थंड करतो. पुढे कितीतरी वर्षं सणावारी ते जेवायला येत राहिले. पोळीवर तूप वाढताना मी मुद्दाम विचारायचे, “काय मग, गल्लीत काय विशेष?”

“ठीक आहे सगळं,” ते म्हणायचे आणि पोळीचा तुकडा मोडायचे. मी आणखी थोडं तूप वाढायचे. ते नको म्हणत नसत. पण ते असेपर्यंत कसब्यातली एकही बातमी मला त्यांच्याकडून पुन्हा मिळाली नाही.