सोपाननं बसवलेला ब्रेकचा होज

उत्तरेकडच्या डोंगरात, आर्मीच्या वर्कशॉपमध्ये माझं पोस्टिंग झालं. केडगावचा सोपान तिथं आधीच होता. दोघंही नायक. तो दौंडकडचा, मेकॅनिक. मी शिरूरकडचा, निमोण्याचा, वेल्डर. हवालदाराची जागा एकच. सोपानचं कुणी कौतुक केलं, की माझ्या पोटात दुखायचं.

एका सकाळी हजेरीच्या फॉल-इननंतर त्याला स्टोअरमधल्या ब्रेकच्या रबरी होजवर, म्हणजे नळ्यांवर, बारीक भेगा दिसल्या. मुडपून टांगलेल्या होजवरच, तेही वळणाच्या बाहेरच्या अंगाला, जिथं रबर ताणलं जातं. शेजारी सरळ ठेवलेले होज धड होते.

"साहेब, वेल्डिंगच्या आर्कनं ओझोन वायू तयार होतो. ताणलेलं रबर तो चिरतो. गाड्यांचे होजही बदलू," तो म्हणाला.

तेच ट्रेनिंग मीही केलं होतं. पण आठवलं त्याला! मेजरसाहेबांनी त्याची पाठ थोपटली आणि माझं वेल्डिंग बाहेर उघड्यावर हलवलं. शाबासकी त्याला, गारठा मला.

"गड्या, रागावला व्हय?" सोपाननं विचारलं.

"न्हाई. हो तू हवालदार."

सगळ्या गाड्यांचे होज बदलले. आमची रिकव्हरी गाडी तेवढी राहिली. तिचा होज आला, त्याच दिवशी पुढं अडकलेला ट्रक काढायचा हुकूम आला. बसवायला वेळ नव्हता. सोपाननं तो सोबत घेतला.

उतारावर जुना होज फुटला. ब्रेक लागेना. ड्रायव्हरनं गाडी डोंगराच्या अंगाला घासत थांबवली. मी चाकांना दगड लावले, सोपान खाली शिरला.

"पाना दे." मी दिला.

"बसला रं!" म्हणत तो बाहेर आला, आणि वरून दरड सुटली ती त्याच्यावरच.

मी रेडिओ उचलला. "एक कॅज्युअल्टी. ओव्हर."

"नाव? ओव्हर."

मी नाव सांगितलं. त्याला घेऊन उतरलो. ब्रेक घट्ट लागत होते.

हवालदार मी झालो. आता रिटायर आहे. दरवर्षी तो गेला त्या दिवशी केडगावला जातो. हार घातलेल्या फोटोतसुद्धा तो माझ्यापेक्षा रुबाबदार दिसतो. अजून जळतो मी.

यंदा चहा देताना त्याची आई म्हणाली, "फोनवर सारखं तुझंच. निमोण्याच्या गड्यासारखं वेल्डिंग मला कवा जमायचं न्हाई, म्हणायचा. लई जळायचा तुझ्यावर."

मी कप खाली ठेवला आणि फोटोकडं वळलो.

अरे लेका सोपान, एकदा तरी तोंडानं सांगायचंस की रे.