दाराची खळगी

आमच्या टेकाडावर खोदकाम चाललंय. रोमहून दारूचे रांजण यायचे, त्या काळचं गाव निघालंय. काल एका घराचा उंबरा उघडा पडला. दार फिरून फिरून दगडात गुळगुळीत खळगी झालेली. खोदणाऱ्या बाईंना विचारलं, "दार कुठंय?"

"नेलं असेल, आजोबा. परत यायचं नसलं की माणसं दारही काढून नेतात."

मी खळगीत बोट फिरवत बसलो. जाणारा तोंडानं काही म्हणो, दार नेलं की समजावं.

माझ्या थोरल्यानं दिवाळीत आमचं सागवानी दार शहरात नेलं. "पॉलिश करून आणतो, आबा," म्हणाला. तेव्हापासून चौकटीला गोणपाट आहे. शेजारी म्हणतात, नवं बसवा. नाही बसवणार. ज्यानं नेलं त्यानं आणावं.

आज पाहिलं, आमच्या उंबऱ्याच्या खळगीतही माती साचलीय. बोटानं कोरून काढली.