कौशल्याबाईंची माळ

कौशल्याबाई गोळ्यांची रिकामी पाकिटं फेकत नसत. क्षयाच्या प्रत्येक रोग्याची पाकिटं दोऱ्यात ओवून त्याची वेगळी माळ खुंटीला टांगत. कोणी हसलं तर म्हणत, "माह्या डोळ्यांपुढं गोळी पोटात गेली, तं माळ माह्याच घरी राहीन."

सानगडीकडच्या एका गावात त्या आशाताई म्हणून आरोग्याचं काम करत. मी भंडाऱ्याच्या एका प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होतो. त्यांच्या गावातला एक बाप महिनोन्‌महिने गोळ्या खाऊनही गेला. त्याच्या जंतूवर ती गोळी चालते का, हे कोणी तपासलंच नव्हतं. मग त्याची चार वर्षांची तनू खोकू लागली. लहान मुलं बेडका गिळतात, म्हणून पहाटे उपाशीपोटी नाकातून नळी घालून पोटातलं पाणी काढावं लागतं. दोन बायांनी तनूला धरलं, तेव्हा कुठे ते निघालं. कौशल्याबाई ते पाणी डबीत घेऊन पहिल्या एसटीने माझ्याकडे आल्या.

"भाऊ, बापाच्या छातीत ज्या वाणाचा जंतू, त्याच वाणाचा पोरीच्या छातीत असन. बापाले गोळी लागली नाही, मंग पोरीले काहून लागन? मशीनवर आजच लावा."

यंत्र जंतूच्या जनुकांवरून कोणतं औषध चालणार नाही ते सांगायचं. पण पोटातल्या आम्लात जंतू टिकत नाहीत. डबी लगेच हाताळावी लागते, हे मला पक्कं ठाऊक होतं. त्या दिवशी तान्हा पोळा होता. नातवाचा लाकडी बैल सजवायचा म्हणून मी लवकर निघालो. डबी टेबलावरच राहिली. दुसऱ्या दिवशी मी ती टाकून दिली आणि अहवालात लिहिलं : नुसती लाळ, नमुना अयोग्य.

आईने पुन्हा नळी घालू दिली नाही. डॉक्टरांनी नेहमीचं औषध सुरू केलं. बाई रोज गुळाच्या खड्याबरोबर गोळी देत. दिवाळीनंतर तनू गेली.

चौकशी झाली. बाईंनी डोस दिलेच नसतील, असं चौकशी करणारे साहेब म्हणाले. बाईंनी तनूची माळ टेबलावर ठेवली. रिकामी पाकिटं कोणीही आणेल, असं म्हणून साहेबांनी ती बाजूला सारली. अहवालाबद्दल मला विचारलं, तेव्हा मी लिहिलंय तेच खरं असं सांगितलं. बाईंचं काम गेलं.

बसस्टँडवर त्यांनी मला गाठलं. मला वाटलं, आता डबीचं विचारतील. त्यांनी विचारलं नाही. "भाऊ, माह्यं काम गेलं तं जाऊ द्या. पण पोरीनं एकबी गोळी थुकली नाही. कडू लागे तरी गिळे. तेवढं तरी सांगाचं होतं तुमी."

या उन्हाळ्यात कौशल्याबाई गेल्या. मी त्यांच्या घरी गेलो होतो. खुंटीवर एकच माळ उरली होती. कोणाची, ते मी विचारलं नाही.

म्हणून आज लिहितो. तनूने एकही गोळी थुंकली नव्हती. कौशल्याबाईंनी एकही डोस चुकवला नव्हता. डबीत लाळ नव्हती. मी ती उघडलीच नव्हती.