आत्यांच्या शेळ्या आणि टारफुला

मला राग पटकन येतो. त्या वर्षी तो बियाण्याच्या दुकानदारावर निघाला. रानात ओल असूनही आमचा एकरभर मका पिवळा पडून गुडघ्याएवढाच राहिला होता. मी बाजारच्या दिवशी केदारखेड्यात त्याच्या दुकानापुढे उभी राहून "बी खोटं दिलं" म्हणून चारचौघांत ओरडले. त्यानं आधी पाण्याचा तांब्या पुढं केला, मग विचारलं, "ताई, मक्याच्या बुडाशी पांढऱ्या फुलाचं बारकं झाड हाय का?"

होतं. टारफुला. मक्याच्या मुळाला चिकटून त्याचा रस पिणारं वीतभर तण, आणि फूल असं की देवाला वाहावं. दुकानदाराची माफी मी पुढच्याच बाजारी मागितली. परक्याची मागायला सोपी असते.

टारफुला मक्याला पितो हे ठाऊक नव्हतं, तरी आम्ही तो उपटत नव्हतो असं नाही. फुलं दिसली की मी आणि माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्या म्हणते, दिवसदिवस वाकून उपटायचो. पुढच्या वर्षी तो दुप्पट!

आत्या मेंढपाळाच्या घरच्या, लहानपण कळपामागं चालण्यात गेलेलं. शेतकऱ्याच्या घरी आल्या तरी चार शेळ्या त्यांनी कधी सोडल्या नाहीत. शेतातलं हिरवं वाया घालवायचं नाही, हा त्यांचा कायदा. उपटलेला टारफुला पदरात भरून घरी यायचा आणि शेळ्यांपुढं पडायचा. शेळ्यांचं लेंडीखत वर्षभर साठायचं आणि पेरणीआधी मक्याच्या रानात जायचं. त्या खताचा आत्यांना केवढा तोरा! शेजारणीनं पाटीभर मागितलं तर "बघू" म्हणायच्या आणि कधी बघायच्या नाहीत.

गावात कृषी सहायक आले तेव्हा मी त्यांना रान दाखवलं. आम्ही खताचे ढीग टाकले होते, नेमका तिथंच टारफुला दाट होता. त्यांनी सांगितलं, याचं बी तपकिरीसारखं बारीक. शेळीच्या पोटातूनही जिवंत निघतं आणि जमिनीत वर्षानुवर्षं पडून राहतं. फुलायच्या आत उपटा, फुललेलं जाळा आणि दोन वर्षं कापूस घ्या. कापसाच्या मुळांना भुलून ते उगवतं, पण त्याला तिथं खायला मिळत नाही, मग मरतं.

म्हणजे आम्ही हातानं उपटत होतो आणि पाटीनं पेरत होतो.

घरी हे सांगितल्यावर नवरा म्हणाला, "शेळ्याच इकून टाकू. झंझट न्हाई." आत्या चुलीपुढं बसल्या होत्या. त्यांचा भाकरी थापणारा हात थांबला.

मी नवऱ्यावर भडकले. "चोर सोडून संन्याशाला फाशी व्हय? शेळ्यांपुढं टाकलं ते त्या खातात. टाकतं कोण?"

बोलून गेले आणि जीभ चावली. बाजू घ्यायला निघाले होते आत्यांचीच.

आत्यांनी भाकरी तव्यावर टाकली. "बराबर हाय तिचं. माझ्या हातानं झालं, मीच निस्तरते. शेळ्याला हात लावू नका."

दोन वर्षं रानात कापूस होता. आत्यांनी साठलेलं लेंडीखत घरामागं खड्ड्यात पुरलं, रानात एक पाटीही जाऊ दिली नाही. शेळ्यांना फक्त लिंबाबाभळीचा पाला. वाटेत बांधावरचं काही तोंडात जाऊ नये म्हणून त्यांनी बैलांना बांधतात तशी सुतळीची मुसकी विणली आणि शेळ्यांच्या तोंडाला बांधली. "म्हातारीनं शेळ्यांचे बैल केले," म्हणून गाव हसलं. मी हसले नाही. माफी रोज ओठावर यायची आणि मी ती रोज गिळायचे.

यंदा पुन्हा मका घ्यायचा ठरला. पेरणीआधी आत्या डोक्यावर नुसत्या पाल्यावरच्या नव्या खताची पाटी घेऊन आल्या आणि बांधावरच थांबल्या. रानात पाय टाकला नाही.

"टाकू का गं?"

माझ्या लग्नापासून या बाईनं कुणाला काही विचारलेलं मी पाहिलं नव्हतं. मी पाटी त्यांच्या डोक्यावरून उतरवली आणि माझ्या हातानं रानात ओतली.

"आत्या, त्या दिवशी मी जे बोलले..."

"आता? दोन वर्सं वाट बघून राह्यले मी," त्या म्हणाल्या आणि रिकामी पाटी माझ्या हातात दिली. "जा, दुसरी आण जल्दी."