गोठ्याच्या लाकडाची मूठ

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बायकोलाही ठाऊक नाही. आता हात दुखतात, कानस धरवत नाही, आणि — खरं सांगू? — गप्प राहण्याचाही शीण आलाय.

मी सापगावचा. घडीचे चाकू बनवतो, खिशात मावणारे. पातं कसाऱ्याच्या गॅरेजमधल्या ट्रकच्या स्प्रिंगच्या मोडक्या पाट्याचं, मूठ सागवानाची. ते सागवान इंग्रजांच्या काळातल्या एका बोटीच्या डेकचं. बोट मुंबईत मोडीत निघाली तेव्हा मी टेम्पोभर फळ्या आणल्या होत्या. लोकांना त्या लाकडाचं फार अप्रूप. माझ्या पाटीवर बोटीचं नाव मोठ्या अक्षरांत असायचं.

फळ्या संपल्या. पाटी मात्र तशीच राहिली. शेणव्याला एक जुना गोठा पाडला होता, त्याचं सागवान उचललं. तेल चोळलं की कोण ओळखणार? कुणीच ओळखलं नाही. बोटीचा एकच तुकडा उरला होता, एका मुठीपुरता. तो घरी जपून ठेवला.

एवढंच असतं तर — तर मी तुमच्यापाशी बसलोच नसतो.

मुरबाडकडे म्हसा गावची जत्रा भरते. तिथे एक बाई माझ्या पाटीसमोर येऊन थांबली. पार्वती तिचं नाव. केस पिकलेले, कपाळावर ठसठशीत कुंकू. सोबतच्या मुलाकडून तिने बोटीचं नाव दोनदा वाचून घेतलं. तिचा नवरा त्याच बोटीवर खलाशी होता. हा मुलगा पाळण्यात असताना तो समुद्रात पडला, देह मिळालाच नाही. म्हणून तिने ना कुंकू पुसलं होतं, ना त्याचे दिवस घातले होते.

"दादा, ह्ये लाकूड त्याच बोटीचं ना? खोटं नाय ना बोलत?"

भोवती गिऱ्हाइकं होती. खरा तुकडा घरी आहे, उद्या आणून देतो — एवढंच म्हणायचं होतं. पण मग पुढ्यात मांडलेले चाकू कसले, हे कुणीतरी विचारलं असतं.

"त्याच बोटीचं, काकी," मी म्हणालो.

तिने एक चाकू उचलून त्याची मूठ गालाला लावली. "यावर त्याचं पाय फिरलं असतील," म्हणाली.

तो चाकू ती विकत घेऊन गेली. पुढे तिचा निरोप आला. देह नाही तर नाही, पुतळ्यावर ती मूठ ठेवून घरचे अग्नी देणार होते. मला मानाने बोलावलं होतं. मी गेलो. खरा तुकडा पिशवीत घालून गेलो — गुपचूप बदलून टाकू, असं मनात होतं. नदीकाठी गवताचा पुतळा केला होता, त्याच्या छातीवर ती मूठ. लोकांनी मला पुढे जागा करून दिली.

"यांनी आनला त्याला घरी," पार्वतीकाकी सगळ्यांना सांगत होती.

मी पिशवीत हात घातला. बोटांना लाकूड लागलं. आणि हात तसाच रिकामा बाहेर काढला. एवढ्या माणसांसमोर काय बोलणार होतो? — पण बोलता आलं असतं. मुलाने अग्नी दिला. मग बायकांनी काकीचं कुंकू पुसलं. इतकी वर्षं वाट बघणारी बाई माझ्या शब्दावर विधवा झाली, आणि मी तिच्या घरी पंगतीत बसून जेवलो.

तो खरा तुकडा? त्याचीही मूठ केली, पुढच्या जत्रेत विकून टाकली. घरात नको झाला होता.

काकी अजून आहे. दर जत्रेला येते, माझ्या दुकानाशी घटकाभर टेकते. "बरा हायस ना रे?" म्हणते आणि माझ्या तोंडावरून हात फिरवते.

मी फिरवू देतो.