खेडची लढाई आणि आमचा तिसरा मजला

आमच्या चाळीच्या गणपतीत एक संध्याकाळ बायकांची असते. कुणी गाणं म्हणतं, कुणी नकला करतं, आणि मी इतिहासातली एक गोष्ट सांगते. माझी शाळा चौथीत सुटली. पुढचं सगळं लग्नानंतर लालबागच्या वाचनालयातून आणून वाचलेलं. म्हणून मला सनावळ्या विचारू नका, माणसं विचारा. यंदा मी खेडची लढाई घेतली, मराठ्यांनी मराठ्यांशीच केलेली. विषय उन्हाळ्यातच ठरवला होता, हे आधीच सांगून ठेवते. कारण नंतर सगळा मजला म्हणाला की मी तो मुद्दाम काढला.

आता मजल्याचं सांगते, म्हणजे कळेल. आम्ही तिघी जावा, तिसऱ्या मजल्यावर तीन खोल्या. थोरलीची गॅलरीच्या वळणापलीकडे समोर, माझी टोकाला, मधलीची आमच्या दोघींच्या मध्ये. मधली जाऊ नवऱ्यामागे एकटी राहायची. तिचा एकुलता एक मुलगा बोटीवर नोकरीला. ती आजारी पडली तेव्हा तो कुठल्यातरी समुद्रात होता. तिचं सगळं थोरलीनं केलं. खोटं कशाला बोलू, मी डबा द्यायचे, पण अंग पुसणं, कूस बदलणं, रात्रीचं उठणं थोरलीचं. मधली गेली तेव्हा आम्ही दोघीच जवळ होतो. मी चमच्याने पाणी घालत होते. जाताना ती दोनच वाक्यं बोलली आणि ती आम्ही दोघींनी ऐकली.

मग खोली रिकामी होती, थोरलीच्या मुलाचं लग्न झालं, तो बायकोला घेऊन तिथे राहायला गेला. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही, मलासुद्धा नाही. त्यांना मुलगी झाली, भिंतीला गुलाबी रंग लागला. आणि यंदा चाळ पाडायचं नक्की झालं. नव्या इमारतीत कुठली खोली कुणाची, ते सभेत ठरायचं होतं. तेवढ्यात मधलीचा मुलगा, माझा पुतण्या, आई गेल्यापासून पहिल्यांदाच बोटीवरून परत आला. लग्न करायचं म्हणतो, घर हवं म्हणतो. आईची खोली आहे, एवढंच म्हणाला, आवाज न चढवता. मित्राकडे परळला उतरला.

थोरलीनं सांगून टाकलं की मधलीनं जाताना खोली थोरलीच्याच मुलाला दिली. आणि गौरीच्या दिवशी, घावन-घाटल्याचा नैवेद्य झाल्यावर, मजल्यावरच्या सगळ्या बायकांना आपल्या खोलीत बसवलं. मध्ये गणपतीपुढचा नारळ ठेवला. आमच्याकडे नारळावर हात ठेवून दिलेला शब्द म्हणजे शब्द. गावात त्यावर बांधाची भांडणं मिटतात.

“सभेत कोणी इचारल्यान तरी खोलीचो विषय काढूचो नाय,” ती म्हणाली. “गप रवाचा, बस.”

एकेकीनं हात ठेवला. माझी पाळी आली तेव्हा तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, नातीचं झबलं नीट करत बसली. बाकीच्यांच्या गप्प राहण्याला काही किंमत नव्हती, त्यांना माहीतच काय होतं? शपथ माझ्या एकटीसाठी होती, ते आम्हा दोघींना ठाऊक. घरात गौर बसलेली, सुनेच्या मांडीवर पोर, दारात शेजारणी. मी हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी पुतण्या माझ्याकडे जेवायला आला. मी मनात म्हटलं, आता हा विचारणार, काकी, तुम्ही सभेत बोला. मी उत्तर तयार ठेवलं होतं. त्याने खोलीचा विषयच काढला नाही. वालाची उसळ दोनदा घेतली, बोटीवरच्या आचाऱ्याच्या गमती सांगितल्या. मग भात कालवता कालवता म्हणाला, “धाकटे काकी, आई शेवटी माझ्याबद्दल काही बोलली का गं?”

बघा, काय विचारलं त्यानं! आणि उत्तर द्यायचं तर खोलीचाच विषय निघत होता, कारण मधलीच्या त्या दोन वाक्यांत एक खोलीचं होतं. मी म्हटलं, जेव आधी, भात गार होतोय. त्यानं मान खाली घालून जेवण संपवलं. तेव्हापासून मला माझ्याच घरात बसवेना. गॅलरीत गेलं तर समोर थोरली. नळावर गेलं तर तिची सून, हसून माझी कळशी आधी लावणारी. खाली उतरावं तर गुडघे. देवापुढे बसावं तर नारळ.

अशा अवस्थेत मी खेडची लढाई सांगायला उभी राहिले. विषय फळ्यावर लिहिलेला, बदलणार कसा?

गोष्ट अशी. मोगलांनी लहानपणी धरून नेलेला छत्रपतींचा नातू कैदेतच मोठा झाला आणि बादशहा मेल्यावर सुटून परत आला. इकडे त्याची काकू आपल्या लहान मुलाच्या नावाने राज्य बघत होती. ती ऐरीगैरी बाई नव्हती. नवरा गेल्यावर तिनं कितीतरी वर्षं मोगलांना दमवलं, राज्य राखलं. ज्यानं राखलं त्याला ते आपलं वाटणारच, यात मी तिला बोल लावत नाही. पण ती म्हणाली, हा खरा नव्हेच, तोतया आहे. आणि सरदारांना दूधभातावर हात ठेवायला लावून शपथ घेतली की कुणी त्याला मिळणार नाही. फौज निघाली. सेनापतीनं मात्र गुपचूप आपली माणसं पाठवून खातरजमा केली. ती सांगत आली, खरा आहे. मग भीमेकाठी दोन्ही फौजा समोरासमोर आल्या तेव्हा सेनापती लढलाच नाही. काकूचा कारभारी एकटा लढला आणि हरला.

“फितुरी, दुसरं काय,” मागून एक म्हातारे गिरणी कामगार म्हणाले. बायकांच्या कार्यक्रमाला ते दरवर्षी येतात, चहासाठी.

मी म्हटलं, फितुरी म्हणा. पण मला वाटतं काकू लढाई खेडला हरली नाही, दूधभाताच्या ताटाशीच हरली. ती म्हणाली असती की पोर खरं आहे, पण राज्य मी राखलंय, तर निम्मे सरदार तिच्यासाठी मेले असते. तिची बाजू होती, मोठी होती. तिनं ती सोडली आणि सगळा भार एका खोट्यावर टाकला. ते खोटं निघालं, आणि शपथेत काही उरलंच नाही.

हे मी इतिहासातल्या काकूबद्दल बोलले. तोंडातून बाहेर पडल्यावर मला ऐकू आलं की मी काय बोलले. थोरली पहिल्या रांगेत होती. उठली, नातीला कडेवर घेतलं आणि निघून गेली. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.

विसर्जनानंतरच्या रविवारी सभा झाली, खालच्या मंडळाच्या जागेत. थोरलीनं आपलं सांगितलं. अध्यक्षांनी माझ्याकडे बघून विचारलं, तुम्हीही होतात ना तिथे? सगळ्या बायका जमिनीकडे बघायला लागल्या. मी अध्यक्षांकडे पाठ फिरवली. पुतण्या भिंतीला टेकून उभा होता. त्याला म्हटलं, “बाबू, तू त्या दिवशी विचारलंस ना. आई म्हणाली, पोर दमून येईल, त्याला रागावू नका. आणि म्हणाली, तो येईपर्यंत खोलीत दिवा लावा.”

तो तिथेच खाली बसला आणि रडला. खोली त्याची ठरली. थोरलीनं वाद घातला नाही.

वर आल्यावर त्यानंच तिला सांगितलं, मोठे काकी, चाळ पडेपर्यंत दादा-वहिनी राहू देत तिथेच, मला कुठे आत्ता हवीये. खरं तर सगळं तिथेच मिटत होतं. पण त्याच संध्याकाळी थोरलीनं मुलाचा संसार आपल्या खोलीत ओढून आणला. पाळणा, कपाट, गॅसची शेगडी. दया नको म्हणाली. मला वाटतं, तिनं जे केलं होतं, मधलीची ती सगळी सेवा, ते सभेत कुणीतरी बोलायला हवं होतं. ते मीच बोलू शकत होते. मी एकच गोष्ट बोलले.

पुतण्या पुन्हा बोटीवर गेला. जाताना किल्ली माझ्याकडे दिली. आता समोर एका खोलीत चार माणसं, दुपारी पोर उकाड्यानं रडतं, आणि मधली खोली बंद. परवा मला राहवलं नाही. किल्ली घेऊन थोरलीच्या दारात गेले. ती तांदूळ निवडत होती.

“तुझ्याकडेच ठेव,” ती म्हणाली. “मी मागूचंय नाय.”

मी किल्ली घेऊन परत आले. पोराचं रडणं माझ्या दारापर्यंत येतं. दार लावलं तरी येतं, म्हणून मी आता लावतच नाही.