इंटरचा ड्रॉप

दातांचा डॉक्टर व्हायचं मी ठरवलं त्यात दातांवरचं प्रेम वगैरे काही नव्हतं. एम.बी.बी.एस.ला लागणारे मार्क मला दोन जन्मांत मिळूनही पडले नसते, म्हणून माणसाचं बाकी शरीर सोडून दिलं आणि दात तेवढे धरून ठेवले. मॅट्रिक जेमतेम सेकंड क्लासात, कॉलेजचं पहिलं वर्ष काठावर. पण १९७१ साली डेंटलचा प्रवेश ठरायचा तो इंटर सायन्सच्या मार्कांवर. मागची अब्रू धुऊन काढायला तेवढी एक परीक्षा उरली होती.

चिंचवडला ज्यांच्या खोल्यांत आम्ही भाड्यानं राहायचो, त्या दत्तोबांचा मात्र माझ्यावर भलता विश्वास. "माजी दाढ तुज्यासाटी राखून ठिवलीय बघ," ते सुजलेला गाल चोळत म्हणायचे. मी गंभीर चेहऱ्यानं त्यांच्या तोंडात डोकावायचो. दिसायचं काहीच नाही.

बाबा एका कंपनीत इन्स्पेक्टर. मशीनवरून उतरलेला प्रत्येक जॉब व्हर्नियरनं मोजायचा, केसभर फरक दिसला की रिजेक्ट. त्यांच्या शिक्क्यापुढे साहेबसुद्धा बोलत नसत. फिजिक्सचा पेपर झाला त्या संध्याकाळी त्यांनी मलाच तपासायला घेतलं. एकेक प्रश्न विचारला, मी नेहमीसारखा चाचरत उत्तरं दिली.

"चाळीस. फार तर बेचाळीस," बाबा म्हणाले. "मुकुंदा, ड्रॉप घे."

ड्रॉप म्हणजे उरलेल्या पेपराला बसायचंच नाही. कमी मार्कांनी पास झालं तर डेंटल कायमचं हुकायचं. गैरहजर राहिलं तर नापास, पण पुढच्या वर्षी सगळं पुन्हा पहिल्यापासून. केमिस्ट्री तेवढी राहिली होती. मला तर आनंदच झाला. केमिस्ट्रीच्या दिवशी मी दुपारपर्यंत लोळलो आणि आईकडे थालीपीठ मागितलं.

मार्कलिस्ट आली. फिजिक्स अठ्ठ्याहत्तर, बायॉलॉजी एक्क्याऐंशी. केमिस्ट्रीपुढे गैरहजर. तिथे साधे साठ पडले असते तरी सीट माझी होती.

बाबांनी चष्मा पुसून ती पुन्हा वाचली. "मी सांगितलंच तसं गचाळ, तुम्ही तरी काय करणार," मी म्हणालो. ते हसले नाहीत. कंपनीत म्हणे ते बरेच दिवस प्रत्येक जॉब दोनदा मोजत होते.

पुढच्या वर्षी मी खरोखर अभ्यास केला. हे कुणालाच खरं वाटत नाही, फिजिक्सच्या परीक्षकालाही वाटलं नसावं. पेपर पार आडवा गेला. आता ड्रॉप घ्यायलाच हवा होता, आणि तेवढं सांगायचं ठरवूनच मी बाहेर आलो.

बाबा रजा टाकून पुण्याला परीक्षेच्या केंद्रावर आले होते. फाटकाजवळ माझ्यासाठी उसाच्या रसाचा ग्लास धरून उभे. मागच्या वर्षी दारातच प्रश्नपत्रिका हिसकावून घेणारा हा माणूस यंदा माझ्याकडे बघायलासुद्धा घाबरत होता. 'कसा गेला' एवढंही त्यांच्या तोंडून निघेना. मला फार वाईट वाटलं.

"सोपा होता, बाबा," मी म्हणालो.

एकदा सोपा म्हटल्यावर पुढचे पेपर देणं आलंच. पास झालो, त्रेपन्न टक्के. डेंटलचं दार लागलं ते लागलंच. पुढे मी भोसरीच्या एका कंपनीत स्टोअरला चिकटलो. पण निकालाच्या दिवशी बाबांनी अख्ख्या आळीत पेढे वाटले. मी खोका धरून मागे, आणि ते प्रत्येक दारात सांगत होते, "यंदा आम्ही ड्रॉप घेतला नाही."